पिशवीतला नकाशा

खासगी वैमानिकांत एक मत आता जवळजवळ सर्वमान्य झाले आहे: उडावे उपग्रहांच्या भरवशावर, कागदी नकाशा अडीनडीला पिशवीत असू द्यावा. ऐकायला हे शहाणपणाचे वाटते. माझ्या मते ते धोक्याचे आहे.

एक उदाहरण घ्या. इंदूर विमानतळापासून देपालपूर सरळ रेषेत वायव्येला सुमारे ३० किलोमीटर. दहा लाखांस एक या प्रमाणाच्या वैमानिकी नकाशावर ते अंतर जेमतेम ३ सेंटिमीटर भरते. ९० नॉटने जाणाऱ्या शिकाऊ विमानाला अकरा मिनिटे लागतात, आणि तेवढ्यात १५ नॉटचा आडवा वारा त्याला जवळजवळ ५ किलोमीटर बाजूला नेतो. खाली माळव्याचे पठार, एकासारखे दुसरे गाव. गंभीर आणि चंबळ, दोन्ही नद्या उत्तरेकडे वाहतात. उन्हाळ्यात तळी आटतात, पावसाळ्यात नकाशात नसलेली दिसू लागतात. अशा ठिकाणी उपग्रहांवरून जागा दाखवणाऱ्या यंत्राचा पडदा काळा झाला आणि नकाशा उलगडला, तर वाटेतला यशवंतसागर जलाशय कुठे आहे ते कळेल. आपण कुठे आहोत ते कळणार नाही. ते घड्याळ, होकायंत्र आणि शेवटची ओळखलेली खूण यांवरून काढावे लागते. पडद्याकडे पाहत आलेल्याने ती खूण पाहिलेलीच नसते.

पूर्वपक्ष म्हणेल, यंत्र बंद पडते कितीदा? पण बंद पडलेले यंत्र निदान दिसते तरी. सुमारे २०,००० किलोमीटरवरून येणारा उपग्रहाचा संदेश इतका क्षीण असतो की जमिनीवरचा खोटा संदेश त्याला सहज दाबतो, आणि पडदा चुकीची जागा ठामपणे दाखवत राहतो. नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात अशा व्यत्ययाच्या ४६५ घटना, मुख्यतः अमृतसर-जम्मू भागात, नोंदल्याचे केंद्र सरकारने लोकसभेत सांगितले. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या आसपासही तेच घडले.

कागदाच्या भक्तांशीही माझे जमत नाही. ते जे. आर. डी. टाटांचे १५ ऑक्टोबर १९३२ चे कराची-मुंबई उड्डाण पुढे करतात. पण कराचीहून अहमदाबादला येताना कच्छचे रण लागते. खुणाच नसलेल्या त्या पट्ट्यात नकाशा एकटा काय करणार? तिथे दिशा आणि वेळ यांचा हिशेबच वैमानिकाला पार नेतो. शिवाय बदललेली हवाई हद्द जुन्या छापील नकाशात सापडत नाही. तिथे पडदाच सरस, हे मान्य करायलाच हवे.

म्हणून नकाशा मांडीवर हवा, उड्डाणाआधी पेन्सिलीने आखलेला. यशवंतसागर कितव्या मिनिटाला, कोणत्या बाजूला दिसेल, हे त्यावर आधी लिहिलेले हवे. मग पडद्याने वेगळे काही दाखवले, तर खटकायला हाताशी काही असते. परवाना-परीक्षेसाठी सगळेच हे शिकतात. परवाना हाती पडला की सोडून देतात. माझी मागणी एवढीच आहे: वैमानिकाच्या प्रत्येक फेरतपासणीत परीक्षकाने न सांगता पडदा बंद करावा, आणि नकाशाला हात लावण्याआधी विचारावे, ‘आत्ता आपण कुठे आहोत?’