मोटारींतील लहरी गारवा

नोव्हेंबर १९३९ मध्यें शिकागो येथें भरलेल्या मोटारींच्या प्रदर्शनांत पॅकर्ड कंपनीनें एक नवल मांडलें. तिच्या १९४० सालच्या गाड्यांत २७४ डॉलर अधिक मोजल्यास आंतील हवा गार करणारें यंत्र बसवून मिळणार होतें. गार नळ्यांची जाळी व पंखा मागें डिकींत, वायु दाबणारा कॉंप्रेसर पुढें इंजिनाजवळ, आणि त्या दोहोंस जोडणाऱ्या लांबच लांब नळ्या, अशी त्याची रचना होती.

या यंत्रास थांबणें मात्र ठाऊक नव्हतें. कॉंप्रेसर पट्ट्यानें इंजिनाला कायमचा जोडलेला असल्यामुळें इंजिन फिरे तोंवर तोहि फिरे. आंतल्या बटनानें केवळ पंख्याचा वेग बदलतां येई. गारवा खरोखर बंद करावयाचा तर इंजिन थांबवून, बॉनेट उघडून पट्टाच काढून ठेवावा लागे! एवढे पैसे मोजणारा धनिक हें काम स्वतः करीत असेल असें वाटत नाहीं. १९४१ नंतर पॅकर्डनें हा प्रकार सोडून दिला.

युद्ध संपून कांहीं वर्षें लोटल्यावर, १९५३ सालीं, क्रायस्लर, जनरल मोटर्स व पॅकर्ड या कंपन्या पुन्हा अशा गाड्या विकूं लागल्या. पुढें विद्युच्चुंबकीय क्लच रूढ झाला, आणि खरा पालट घडला तो यानेंच. वीज वाहूं लागली कीं हा क्लच कॉंप्रेसरला फिरत्या कप्पीशीं जखडतो. वीज तुटली कीं सोडून देतो. गारवा पुरेसा झाला कीं यंत्र आपण होऊन विसावूं लागलें.

पण त्याबरोबरच एक नवें कोडें उत्पन्न झालें. गारवा येतो, जातो, घटकाभरानें पुन्हा येतो, तेव्हां हा नेमलेला विसावा कीं बिघाड? जाणता कारागीर गारवा गेला त्याच क्षणीं क्लचकडे पाहतो. क्लच फिरत असून झोत मंदावला असेल तर जाळीवर बर्फ धरलेलें असतें. यंत्र थोडा वेळ बंद ठेवल्यास तें वितळतें. झोत जोरदार पण कोमट असेल, तर नळ्यांत शिरलेला पाण्याचा अंश अरुंद झडपेपाशीं गोठल्याचा संशय येतो. क्लचच सुटलेला असेल तर वीज पोहोंचते कीं नाहीं तें आधीं तपासावें लागतें. वीज असूनहि तो पकडत नसेल, तर झिजेनें वाढलेली फट किंवा तापलेलें वेटोळें कारण असतें. निवल्यावर तोच क्लच बिनतक्रार पकडतो, आणि कारागिराची फसगत होते.

वायु कमी पडला तरीहि दाब उतरून क्लच वरचेवर सुटतो. घरांतील शीतकपाटाचा कॉंप्रेसर मोटरीसह बंद डब्यांत असतो. गाडींतील कॉंप्रेसरचा दांडा पट्ट्यासाठीं बाहेर काढावा लागतो, नळ्याहि लवचिक ठेवाव्या लागतात, म्हणून तेथें गळती फार. फ्रेऑन न जळणारा व बहुतांशीं निर्विष असल्यामुळें गळती न शोधतां नुसता भरणा करण्याची संवय पडली. १९७४ सालीं मोलिना व रोलंड यांनीं हाच वायु वरच्या ओझोनच्या थरास घातक असल्याचें दाखविलें. १९८७ मध्यें मॉंट्रियल येथें करार झाला, आणि १९९० नंतरच्या दशकांत नव्या गाड्यांत दुसरा वायु आला. ओझोनला त्याची बाधा नसली तरी पृथ्वीचें उष्णतामान वाढविण्यास तोहि हातभार लावतो. आणि गळती न शोधतां दर उन्हाळ्यांत त्याचाहि नुसता भरणा करणारे पुष्कळ आहेत.