नॉट ऑपरेटर (वेब प्रोग्रॅमिंग)

तार्किक नकार दर्शवणारा ऑपरेटर. अट खरी असेल तर तो खोटे, आणि खोटी असेल तर खरे असे उत्तर देतो. जॉर्ज बूल (१८१५–६४) यांनी तर्काला दिलेले बीजगणिती रूप हा त्याचा पाया. सी भाषेतील उद्गारचिन्ह (!) जावास्क्रिप्ट व पीएचपी (दोन्ही १९९५) यांतही नकारासाठीच वापरतात, पायथॉनमध्ये त्याजागी ‘नॉट’ हा शब्द येतो.

खरे-खोटे ठरवणे : व्हेरिएबलमध्ये संख्या किंवा मजकूर असला, तरी ! आधी त्याचे खऱ्या-खोट्यात रूपांतर करतो आणि मग ते उलटवतो. 0, रिकामा मजकूर व नल यांची गणना जावास्क्रिप्ट व पीएचपी या दोन्ही भाषांत खोट्यात होते. "0" हा मजकूर मात्र जावास्क्रिप्टमध्ये खरा, तर पीएचपीमध्ये खोटा ठरतो.

उदाहरण : अमरावती व अकोला जिल्ह्यांतील महसूल मंडळांचा रोजचा पाऊस भरण्याचा ऑनलाइन अर्ज घेऊ. या दोन्ही भाषांत व्हेरिएबलला देवनागरी नाव चालते (पीएचपीत आधी $ लागतो). रकाना रिकामा आहे का, हे !पाऊस असे तपासले, तर चिखलदऱ्याची 42 मिमी ही नोंद बिनबोभाट पुढे जाते. अकोल्यातल्या कोरड्या दिवसाची "0" ही नोंद ब्राउझरमधील जावास्क्रिप्ट स्वीकारते, पण सर्व्हरवरील पीएचपी ‘पाऊस भरा’ म्हणून परत पाठवते. "0.0" लिहिले की तीच पीएचपी ती मुकाट्याने घेते. पाऊस न पडणे आणि नोंद न करणे या दोन वेगळ्या गोष्टी असल्याने येथे पाऊस === "" अशी नेमकी तुलना करावी लागते.

अग्रक्रम : ! हा तुलनेच्या आधी लागू होतो. त्यामुळे !जिल्हा === "अकोला" ही अट कधीच खरी ठरत नाही; जिल्हा !== "अकोला" असे लिहावे.

द मॉर्गनचे नियम : मदुराई येथे जन्मलेले ऑगस्टस द मॉर्गन (१८०६–७१) यांच्या नावाने हे नियम ओळखले जातात. || हे ‘किंवा’चे व && हे ‘आणि’चे चिन्ह. !(अ || ब) म्हणजे !अ && !ब. वरील अर्जातून इतर जिल्हे वगळताना जिल्हा !== "अमरावती" || जिल्हा !== "अकोला" अशी अट घातली, तर ती प्रत्येक जिल्ह्याला लागू पडते आणि अमरावती-अकोल्याचे अर्जही बाद होतात. तेथे || ऐवजी && हवे.

दुहेरी नकार : !! लावल्यास कोणत्याही मूल्याचे खरे किंवा खोटे असे शुद्ध रूप मिळते.