निर्धूर चुलीचा इतिहास : बसवणं आणि जुळवून घेणं

इतिहास म्हटला की आपल्याला किल्ले, लढाया, तह आठवतात. आज आपण घरातली चूल पाहणार आहोत. नवी चूल घरात येते, ती बसवली जाते, तिच्याशी जुळवून घ्यावं लागतं. गेल्या ऐंशी-नव्वद वर्षांत हे अनेकदा घडलं आणि बरेचदा फसलंही. ते का फसलं, हा आजचा प्रश्न.

आपण उभे आहोत धाडला, बुलढाणा तालुक्यात. शेजारी भोकरदन तालुका, आज जालना जिल्ह्यातला. पण 1956 पर्यंत इथे राज्याची हद्द होती. वऱ्हाड 1853 पासून इंग्रजांच्या कारभाराखाली आणि भोकरदन निजामाच्या राज्यात. इंग्रज गेले, निजामाचं राज्य संपलं, तरी 1953 साली धाड मध्य प्रदेशात होतं आणि भोकरदन हैदराबाद राज्यात. ही हद्द आम्ही मुद्दाम सांगतोय, कारण निर्धूर चुलीचे देशातले दोन महत्त्वाचे प्रयत्न हिच्या दोन बाजूंच्या राज्यांत झाले.

पहिला प्रयत्न वर्ध्याचा. 1934 साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाजांनी दिलेल्या जागेत, मगनवाडीत, जे. सी. कुमारप्पांनी त्याचं काम उभं केलं. तेलघाणी, हातकागद, मधमाशा यांच्याबरोबर स्वयंपाकघराकडेही तिथे लक्ष गेलं. त्यातून स्वातंत्र्याच्या आसपास ‘मगन चूल’ पुढे आली. मातीची, आतून धुराला वाट असलेली आणि धुराडं लावलेली.

दुसरा प्रयत्न हैदराबादचा. तिथल्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेत एस. पी. राजू यांनी बंदिस्त मातीची चूल तयार केली आणि 1953 साली तिच्यावर पुस्तिका काढली. त्यांच्या चुलीत एक साधी पण मोलाची गोष्ट होती. धुराच्या वाटेत मागेपुढे सरकवता येणारा पत्रा. ही आपल्या आजच्या विषयाची किल्लीच आहे म्हणा ना.

कशी, ते बघा. धुराडं उंच आणि मोकळं असेल तर ओढ चांगली लागते, धूर घराबाहेर जातो. पण त्याच ओढीने उष्णताही भांड्याखालून निसटून वर जाते आणि जळण जास्त लागतं. ओढ कमी केली तर उष्णता भांड्याला मिळते, पण धूर तोंडातून घरात परत येतो. म्हणजे धूर घालवणं आणि जळण वाचवणं ही दोन उद्दिष्टं एकमेकांना ओढतात. चूल पेटवताना पत्रा पूर्ण उघडायचा, जाळ धरला की थोडा लोटायचा, हे रोज हाताने करावं लागतं. कारागीर चूल बसवून निघून जातो. ती रोज लावून घेणारी बाई घरातली असते.

आता उद्दिष्टं कशी बदलली ते पाहू. मगनवाडी आणि हैदराबाद यांचा रोख स्वच्छ, बिनधुराच्या स्वयंपाकघरावर होता. 1970 च्या दशकात जगभर तेलाची टंचाई गाजत होती. तेव्हा एरिक एकहोम यांनी 1975 साली सरपणाच्या टंचाईला ‘दुसरं ऊर्जासंकट’ म्हटलं. चुलीकडे आता जंगल वाचवायचं साधन म्हणून पाहिलं जाऊ लागलं. मग 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला कर्क स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुजरातमधल्या खेड्यांत, स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या श्वासात किती धूर जातो याचं मोजमाप केलं. ज्या धुराला घरोघर ‘चालायचंच’ म्हणत होते, तो छातीचा आजार ठरला. एकाच चुलीने आता जंगलही वाचवायचं, फुप्फुसंही आणि पैसेही.

याच काळात, 1983 मध्ये, केंद्र सरकारने सुधारित चुलींचा कार्यक्रम हाती घेतला. पुढे तो राष्ट्रीय कार्यक्रम झाला आणि 2002 मध्ये केंद्राने तो थांबवला. तोवर देशभरात सुमारे साडेतीन कोटी चुली बसवल्याची नोंद झाली होती. साध्या चुलीत जळणातली सुमारे 10 टक्के उष्णता भांड्याला पोचते असं धरलं जाई. सुधारित मातीच्या चुलीला किमान 20 टक्क्यांची अट होती. कागदावर काम चोख होतं.

पण ही 20 टक्क्यांची चूल धाडसारख्या गावच्या स्वयंपाकघरात आणून बसवून बघा. कार्यक्षमतेची चाचणी होते ती ठरावीक मापाच्या, वाळलेल्या लाकडावर. आपल्याकडचं मुख्य जळण पऱ्हाट्या, तुराट्या आणि गोवऱ्या. पऱ्हाटी झटकन पेटते, झटकन संपते, सारखी सारावी लागते. तिच्या लांब फांद्या लहान तोंडात मावत नाहीत. दुसरी गोष्ट भाकरीची. भाकरी तव्यावर उलटली की चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यावर उभी करून शेकतात, तेव्हा ती फुगते. तोंडच अरुंद केलं तर शेकायची कुठे? तिसरी गोष्ट घराची. धाब्याच्या घरात पूर्वीपासून धुरासाठी छताला साणं ठेवलेलं असे. नवं धुराडं काढायचं तर धाबं फोडायचं आणि पावसाळ्यात नेमकं तिथूनच गळायचं. चौथी गोष्ट काजळीची. धुराडं वेळोवेळी साफ केलं नाही तर वाट तुंबते आणि निर्धूर चूल जुन्या चुलीपेक्षा जास्त धुमसते.

अशा वेळी बाई काय करते? तोंड मोठं करते. आतला उंचवटा काढून टाकते. वैलावर भांडं नीट बसत नसेल तर मातीचा गोळा लावते. अहवालांत याला ‘चुकीचा वापर’ म्हटलेलं आढळतं. आम्हाला ते पटत नाही. जिला रोज दोन वेळा पाच-सहा माणसांच्या भाकरी भाजायच्या आहेत, तिने केलेली ही दुरुस्ती आहे. फरक इतकाच की चुलीचं माप कुठे बदललं तर धूर वाढतो आणि कुठे बदललं तर चालतं, हे तिला कोणी समजावलं नाही. आणि तिने काय बदललं हे माप ठरवणाऱ्यांपर्यंत परत पोचवायची सोय नव्हती.

महाराष्ट्रात याला काही चांगले अपवाद झाले. पुण्यात 1996 साली डॉ. आनंद कर्वे यांनी सुरू केलेल्या ‘आरती’ या संस्थेने ‘लक्ष्मी’सारख्या चुलींचे साचे तयार केले आणि कुंभारांना ते वापरायला शिकवलं. साच्यामुळे आतलं माप चुकत नाही. आणि चूल विकणारा जवळपासचाच असला की बिघडली तर त्याला गाठता येतं.

दुरुस्तीविना काय होतं, ते ओडिशातल्या एका मोठ्या अभ्यासाने दाखवलं. हॅना, डुफ्लो आणि ग्रीनस्टोन यांनी काही वर्षं कुटुंबांचा मागोवा घेतला. सुधारित चुलीने पहिल्या वर्षी श्वासातला धूर कमी झाला, पण पुढे तो फायदा टिकला नाही. लोकांनी चुली नियमित वापरल्या नाहीत आणि त्यांची देखभालही झाली नाही.

त्यानंतर आला गॅस. 1 मे 2016 रोजी बलिया इथे उज्ज्वला योजना सुरू झाली. 8 कोटींचं उद्दिष्ट पूर्ण झाल्याचा कार्यक्रम 7 सप्टेंबर 2019 रोजी झाला तो औरंगाबादला, म्हणजे आपल्या शेजारीच. गॅसला धूर नाही, हे निर्विवाद मोठं पाऊल आहे. पण आकडा पुन्हा जोडणीचाच. शेगडी ओट्यावर आली आणि चूल अंगणात गेली, अशी घरं तुम्हा सर्वांच्या ओळखीची आहेत. आंघोळीचं पाणी, जास्त माणसांचा स्वयंपाक, भाकरी हे सगळं चुलीवर. सिलिंडर संपलं आणि हातात पैसे नसले की चहाही तिथेच. पऱ्हाटी शेतातली, तिला पैसे पडत नाहीत.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच. किती घरांत चूल बसवली, किती घरांत जोडणी दिली, हे आकडे खरे असतात पण अपुरे असतात. वर्षभराने पुन्हा त्याच घरात जाऊन तीन गोष्टी विचाराव्यात : काल संध्याकाळी भाकरी कशावर झाली, धुराडं शेवटचं कधी साफ झालं, सिलिंडर शेवटचं कधी भरून आणलं. आणि हे प्रश्न घरातल्या कर्त्या पुरुषाला न विचारता चुलीपुढे बसणाऱ्या बाईला विचारावेत. वर्ध्यापासून बलियापर्यंतच्या या इतिहासात तिची साक्ष फार कमी नोंदली गेली आहे. धाडमध्ये अजून अशा आज्या आहेत ज्यांनी साधी चूल, धुराड्याची चूल आणि गॅस हे तिन्ही वापरले. त्यांना विचारून लिहून ठेवायचं काम आपण इथूनच सुरू करू शकतो.