हेतूचा शोध : दूरचित्रवाणीवरील रक्तपिपासू आणि चाहत्यांचे क्वीअर वाचन

दूरचित्रवाणी मालिकांच्या चाहत्यांनी केलेल्या पात्रचर्चेकडे साहित्यसमीक्षा दीर्घकाळ दोनच दृष्टींनी पाहत आली. एक तर ही चर्चा म्हणजे भाबडे तादात्म्य, कल्पित व्यक्तींना खऱ्या मानण्याची चूक. नाही तर ती समाजशास्त्रीय पाहणीची सामग्री. या चर्चेला स्वतःची अशी अर्थनिर्णयनाची पद्धत असू शकते, ही शक्यता बरीच उशिरा विचारात घेतली गेली. रक्तपिपासूंच्या, म्हणजे रूढ शब्दात व्हँपायरांच्या, अमेरिकन मालिका आणि त्यांचे क्वीअर वाचन करणारे चाहते यांचा सुमारे साठ वर्षांचा इतिहास त्या दृष्टीने तपासण्याजोगा आहे. 'क्वीअर' ही संज्ञा येथे केवळ समलिंगी संबंधांपुरती मर्यादित नाही. स्त्री-पुरुष आकर्षणाच्या रूढ चौकटीत न मावणाऱ्या सर्व इच्छा आणि ती चौकट निसर्गदत्त मानण्यास नकार देणारी दृष्टी, असे दोन्ही अर्थ तिच्यात अभिप्रेत आहेत.

या वाचनाचा आरंभ 'हे पात्र समलिंगी आहे का?' या प्रश्नापासून होतो, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात चाहत्यांचा पहिला प्रश्न 'या पात्राने असे का केले?' हा असतो. कृती आणि संहितेने दिलेला तिचा हेतू यांत अंतर पडते, कृती हेतूपेक्षा मोठी ठरते, आणि ते अंतर भरून काढताना अनुच्चारित इच्छेचा विचार करावा लागतो. हा क्रम ध्यानात घेतला, तर या वाचनाचे बळ आणि त्याची मर्यादा दोन्ही स्पष्ट होतात.

हे अंतर रक्तपिपासूच्या कथेत मुळापासूनच आहे. जॉन पॉलिडोरी यांची कथा १८१९ मध्ये प्रसिद्ध झाली. शेरिडन ल फान्यू यांची 'कार्मिला' १८७१-७२ मध्ये क्रमशः आली. ब्रॅम स्टोकर यांची 'ड्रॅक्युला' ही कादंबरी १८९७ ची. या परंपरेत दंशाचे उघड कारण भूक हे असते. परंतु भूक भागवण्यासाठी कोणताही देह पुरेसा असताना कार्मिला एकाच तरुणीभोवती का घुटमळते, तिच्याशी सख्य का वाढवते, याचे उत्तर भुकेत सापडत नाही. भूक आणि इच्छा यांतील ही संदिग्धता हाच या कथाप्रकाराचा पाया होय. ख्रिस्तोफर क्राफ्ट यांनी १९८४ मध्ये 'ड्रॅक्युला'वर लिहिलेल्या निबंधात दंशाच्या प्रतिमेत स्त्री-पुरुष भूमिकांची कशी उलथापालथ होते, हे दाखवले. संस्कृत काव्यशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे, तर भूक हा वाच्यार्थ आणि इच्छा हा व्यंग्यार्थ. मात्र एक भेद ध्यानात ठेवावा लागतो. ध्वनिकाराच्या विचारात व्यंजना हे काव्याचे वैभव आहे. येथे ती पुष्कळदा सक्तीतून आलेली आहे. जे उच्चारण्यास मज्जाव होता, ते सूचनेच्या आश्रयाला गेले.

दूरचित्रवाणीवर ही सक्ती अधिकच होती. अमेरिकेतील प्रसारकांच्या राष्ट्रीय संघटनेची आचारसंहिता १९५२ पासून १९८३ पर्यंत अस्तित्वात होती आणि घरातील दिवाणखान्यात काय दिसावे, याविषयीच्या कौटुंबिक संकेतांचा दाब तिच्यामागे होता. अशा काळात 'एबीसी' वाहिनीवर २७ जून १९६६ रोजी 'डार्क शॅडोज' ही दुपारची दैनंदिन मालिका सुरू झाली. २ एप्रिल १९७१ पर्यंत तिचे १,२२५ भाग झाले. एप्रिल १९६७ मध्ये जोनाथन फ्रिड यांनी साकारलेला बार्नबस कॉलिन्स तिच्यात अवतरला आणि मालिकेचे भाग्य पालटले. बार्नबस स्वतःला इंग्लंडहून आलेला दूरचा नातलग म्हणवतो. घराण्यात त्याला मान मिळतो. परंतु तो दिवसा कोणाच्या दृष्टीस पडत नाही, आणि त्याची सारी शक्ती एक गुपित राखण्यात खर्च होते. डॉ. ज्युलिया हॉफमन ही वैद्यकीय तज्ज्ञ त्याच्या अवस्थेवर उपचार करू पाहते. तिचे त्याच्यावर प्रेम जडते. तो प्रतिसाद देत नाही. तरीही ती त्याचे गुपित जपते.

संहितेने बार्नबसला हेतू दिला आहे तो गतजन्मीच्या वाटाव्या अशा प्रेयसीच्या, जोसेटच्या, ध्यासाचा. तथापि त्याची लज्जा, सतत उघडे पडण्याचे भय, नातलगांच्या प्रेमाची ओढ आणि त्यांच्यापासूनचे दुरावलेपण यांचा उलगडा या हेतूने पुरता होत नाही. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने समलिंगी आकर्षण विकारांच्या यादीतून डिसेंबर १९७३ मध्ये काढले. म्हणजे बार्नबसवर उपचार चालले होते, तेव्हा त्या देशातील असंख्य माणसांवरही 'उपचार' चालू होते. हॅरी बेनशॉफ यांनी या मालिकेच्या चाहतावर्गाचा अभ्यास करताना लिंगभाव आणि लैंगिकता यांची जी देवघेव दाखवून दिली, तिचे मूळ या साधर्म्यात आहे. येथे वाचकाला पुराव्याची गरज भासली नाही. गुपिताचा आशय काय आहे, याहून गुपित वागवत जगणे कसे असते, हे त्याने ओळखले.

पुढील दोन दशकांत चाहत्यांच्या लेखनाला निश्चित रूप आले. १९७० च्या दशकात 'स्टार ट्रेक'मधील कर्क आणि स्पॉक यांच्या मैत्रीचे प्रेमात रूपांतर करणाऱ्या कथा चाहत्यांच्या खाजगी नियतकालिकांतून लिहिल्या गेल्या. त्या लिहिणाऱ्यांत स्त्रियांचा भरणा मोठा होता. हेन्री जेंकिन्स यांनी १९९२ च्या 'टेक्स्च्युअल पोचर्स' या ग्रंथात अशा वाचकांसाठी मिशेल द सर्तो यांच्याकडून चोरट्या शिकारीचे रूपक घेतले : दुसऱ्याच्या रानात शिरून आपल्याला हवे ते उचलून नेणारा वाचक. अलेक्झांडर डॉटी यांनी १९९३ मध्ये या रूपकाला छेद देणारी भूमिका घेतली. लोकप्रिय संहितांमधील क्वीअर अर्थ वाचकाने बाहेरून आणून घातलेला नसतो, तो तेथे आधीपासून असतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. रान कोणाचे, हाच येथे वादाचा मुद्दा होय.

'बफी द व्हँपायर स्लेयर' (१९९७-२००३) या मालिकेने हा वाद प्रत्यक्ष कसोटीला लावला. १९९९ च्या फेब्रुवारीतील एका भागात विलो या लाजाळू मुलीची रक्तपिपासू प्रतिकृती दुसऱ्या विश्वातून येते. ती निर्लज्ज आणि क्रूर आहेच, शिवाय आपल्याला थोडी समलिंगीही वाटते, असे विलो बुचकळ्यात पडून म्हणते. रक्तपिपासूचा मूळ व्यक्तीच्या स्वभावाशी संबंध नसतो, असा धीर बफी तिला देते. तेथे उभा असलेला एंजल, जो स्वतः रक्तपिपासू आहे, तिचे म्हणणे दुरुस्त करू पाहतो आणि लगेच शब्द आवरतो. एवढाच तो प्रसंग. विनोदासाठी आलेल्या या अडखळण्यातून मालिकेचा एक मूलभूत नियम डळमळीत होतो, हे चाहत्यांनी हेरले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात टाराचे पात्र आले आणि २००० मध्ये विलोचे तिच्यावरील प्रेम उघडपणे मांडले गेले. सूचनेचे विधान झाले.

विधान झाल्याबरोबर दुसरा प्रश्न उभा राहिला. विलोचे ऑझ या तरुणावरील पूर्वीचे प्रेम खरे नव्हते काय? मालिकेने तिला पुढे समलिंगी म्हटले आणि आधीचे प्रेम जवळजवळ बाजूला ठेवले. ज्या चाहत्यांनी तिची इच्छा सूचनेतून ओळखली होती, त्यांतीलच काहींना नाव मिळाल्याने इच्छा आखडली, असे वाटले. हा आक्षेप महत्त्वाचा आहे. नाव हे हेतूचे उत्तर मानले गेले की पात्राचा भूतकाळ त्या उत्तराला जुळेल असा छाटला जातो.

स्पाइक या पात्राविषयीची चर्चा याच मार्गाने गेली. स्पाइक आणि एंजल यांचे वैर प्रथम ड्रुसिलावरून आणि नंतर बफीवरून आहे, असे कथानक सांगते. ईव्ह कोसॉफ्स्की सेजविक यांनी १९८५ च्या 'बिट्वीन मेन' या ग्रंथात, एका स्त्रीसाठी झगडणाऱ्या दोन पुरुषांमधील बंध हा त्या दोघांच्या स्त्रीशी असलेल्या बंधाइतकाच प्रबळ असतो, असे मांडले होते. ज्यांनी तो ग्रंथ वाचला नव्हता अशा चाहत्यांनीही वैराच्या अतिरेकातून तोच निष्कर्ष काढला. २००४ मध्ये 'एंजल' या उपमालिकेच्या अखेरीस स्पाइकच्या तोंडी, त्या दोघांत एकदा जवळीक घडली होती, अशा अर्थाचे ओझरते वाक्य आले. चाहत्यांच्या वाचनाचे मोल मात्र या वाक्याने ठरत नाही. ते आले नसते, तरी वैराला पुरेसे कारण नसल्याचे निरीक्षण टिकलेच असते.

७ मे २००२ रोजी प्रक्षेपित झालेल्या भागाने या वाचनाला नैतिक धार आणली. त्या एकाच भागात स्पाइक बफीवर बलात्काराचा प्रयत्न करतो आणि टारा बंदुकीच्या गोळीला बळी पडते. टाराचा मृत्यू तिच्या व विलोच्या पुनर्मीलनापाठोपाठ येतो, त्यामुळे समलिंगी प्रेमाचा शेवट मृत्यूत करण्याच्या जुन्या रूढीची पुनरावृत्ती झाली, असा निषेध चाहत्यांनी केला. येथे पात्राच्या हेतूवरून प्रश्न रचनेच्या हेतूकडे वळला : कथानकाला हा मृत्यू कशासाठी हवा होता? दुसरीकडे, त्या हंगामाच्या शेवटी स्पाइकला आत्मा परत मिळतो, तेव्हा तो आत्मा मागायला गेला होता की हिंसेची शक्ती, हे संवादांतून मुद्दाम अस्पष्ट ठेवलेले होते. पुढील हंगामात खुलासा होईपर्यंत चाहते त्यावर वाद घालत राहिले. वेताळपंचविशीची पद्धत मराठी वाचकाला परिचित आहे : घटना सर्वांना ठाऊक, प्रश्न कोणाच्या कृतीचे मोल काय एवढाच. रिचर्ड बर्टन यांनी १८७० मध्ये त्या कथांच्या इंग्रजी रूपांतराच्या शीर्षकात वेताळासाठी 'व्हँपायर' हा शब्द योजला. शब्द दिशाभूल करणारा आहे, कारण वेताळ रक्तपिपासू नव्हे. परंतु हेतूची उकल करण्याचा तो खेळ या चाहत्यांनाही ओळखीचा वाटला असता.

या वाचनाला एक मोठा धोकाही आहे. रक्तपिपासू म्हणजे समलिंगी व्यक्ती, असे सरळ समीकरण मांडले, की त्या व्यक्तीवर शिकारीपणा, संसर्ग आणि मृत्यू यांचे आरोपही आपोआप चिकटतात. एड्सच्या साथीच्या काळात समलिंगी पुरुषांचे चित्रण रक्तपिपासूंच्या प्रतिमेत कसे झाले, हे एलिस हॅन्सन यांनी १९९१ च्या निबंधात दाखवले आहे. 'ट्रू ब्लड' (२००८-२०१४) या मालिकेने रक्तपिपासूंच्या नागरी हक्कांचा लढा रंगवला आणि समलिंगी हक्कांच्या चळवळीतील शब्दांचे उघड प्रतिध्वनी वापरले. पण त्या मालिकेतील रक्तपिपासू खरोखरच माणसे मारतात. मग समाजाचे भय निराधार कसे म्हणायचे? रूपक संपूर्णपणे लावले, तर ते ज्यांच्या बाजूने बोलते त्यांच्यावरच उलटते. हेतूकडून निघालेले वाचन या गर्तेतून वाचते, कारण ते एका पात्राच्या एका कृतीपाशी थांबते. समूहाचे समीकरण मांडत नाही.

याची खरी परीक्षा २०२२ मध्ये झाली. ॲन राईस यांची 'इंटरव्ह्यू विथ द व्हँपायर' ही कादंबरी १९७६ ची. तिच्यातील लुई आणि लेस्टाट यांचे नाते दोन पुरुषांनी एका मुलीला वाढवण्यापर्यंत जाते, तरी त्याला प्रियकरांचे नाव स्पष्टपणे मिळत नाही. चाहत्यांनी आपल्या पात्रांवर कथा लिहिण्यास राईस यांचा जाहीर विरोध होता. रोलिन जोन्स यांनी 'एएमसी' वाहिनीसाठी रचलेल्या मालिकेत लुई आणि लेस्टाट हे आरंभापासूनच प्रेमी आहेत. कादंबरीतील लुई गुलाम बाळगणारा मळेवाला होता; मालिकेतील लुई १९१० च्या न्यू ऑर्लिन्समधील कृष्णवर्णीय कुंटणखानामालक आहे. आता शोधून काढण्याजोगे गुपित उरले नाही. क्वीअर वाचन गुपिताच्या शोधापुरतेच असते, तर येथे त्याचे प्रयोजन संपावयास हवे होते.

झाले उलटेच. लुई आपली हकिकत डॅनियल मॉलॉय या वृद्ध पत्रकाराला सांगतो, आणि ती हकिकत विश्वसनीय नाही, हे हळूहळू उघड होते. पहिल्या हंगामाच्या पाचव्या भागात लेस्टाट लुईला निर्घृण मारहाण करून आकाशातून खाली टाकतो. २०२४ च्या दुसऱ्या हंगामात त्याच रात्रीची वेगळी हकिकत लेस्टाटच्या तोंडून येते. १९७३ मधील पहिल्या मुलाखतीच्या स्मृतींमध्ये आरमांने फेरफार केल्याचे उघडकीस येते, आणि पॅरिसमधील खटल्यात लुईला कोणी वाचवले, याविषयी लुईची सत्तर-ऐंशी वर्षांची समजूत अखेरीस खोटी ठरते. कादंबरीत पूर्व युरोपातून आलेल्या आरमांला मालिकेने दिल्लीत जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला अरुण केले आहे. त्यामुळे त्याच्या असत्यामागचा हेतू तपासताना सत्तेचा आणि दास्याचा इतिहासही हिशेबात घ्यावा लागतो. प्रेम आहे, हे सर्वांना मान्य आहे. प्रेम असूनही हिंसा का, आणि हिंसा सोसणारा तिला प्रेमाचे नाव देतो तेव्हा त्याचे म्हणणे कितपत स्वीकारायचे, हे प्रश्न उरतात. क्लॉडियाच्या डायरीतील फाडलेली पाने हा चाहत्यांच्या चर्चेतील एक प्रमुख पुरावा ठरला, तो याच कारणाने.

सेजविक यांनी १९९७ मध्ये संशयी वाचन आणि सांधणारे वाचन असा भेद केला होता. एक वाचन दडलेले उघड करण्यात कृतार्थता मानते; दुसरे तुटलेल्या सामग्रीतून जगण्याला उपयोगी असे काही जोडू पाहते. चाहत्यांनी बार्नबसमध्ये स्वतःला ओळखले ते दुसऱ्या वाटेने. लुईची साक्ष ते तपासतात ती पहिल्या वाटेने, आणि तरीही त्याच्याविषयीची सहानुभूती न सोडता. 'क्वीअर' हे पात्राच्या हेतूचे अंतिम उत्तर नाही, हे या इतिहासाने सिद्ध केले आहे. कोणत्याही प्रियकराप्रमाणे समलिंगी प्रियकरही मत्सरी, भित्रा, खोटारडा किंवा क्षमाशील असू शकतो, आणि त्याच्या प्रत्येक कृतीचा जाब स्वतंत्रपणे विचारावा लागतो. असा जाब विचारला जाणे हीदेखील पात्राला मिळालेली प्रतिष्ठाच होय. ज्या काळात त्याचे अस्तित्वच सूचनेवर अवलंबून होते, त्या काळात ती त्याच्या वाट्याला येऊ शकत नव्हती.