कपाटाची किल्ली आणि शाळेचा ग्रंथपाल

उत्सव पार पडला की आपण कार्यकर्त्यांचे, कलाकारांचे, वर्गणीदारांचे आवर्जून आभार मानतो. शाळेच्या स्नेहसंमेलनातही मुख्याध्यापकांपासून शिपायापर्यंत सर्वांची नावे घेतली जातात. शाळेच्या ग्रंथपालाचे नाव मात्र बहुधा राहूनच जाते. पुस्तकांच्या कपाटाची किल्ली सांभाळणारे, फाटलेल्या पुस्तकाला डिंक लावणारे आणि ‘हे वाच, तुला आवडेल’ असे म्हणून एखादे पुस्तक हाती ठेवणारे हे सर किंवा बाई. त्यांच्या कामामागे मोठा इतिहास आहे आणि त्यातले एक महत्त्वाचे प्रकरण महाराष्ट्राबाहेर, बडोदे संस्थानात, एका मराठी राजाच्या पुढाकाराने घडले. घरापासून दूर राहणाऱ्या आपणा मराठी मंडळींनी ते मुद्दाम जाणून घ्यावे असे आहे.

महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांचा जन्म १८६३ साली नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यात, शेतकरी घरात झाला. १८७५ साली दत्तक म्हणून बडोद्यास आणले तेव्हा बारा वर्षांच्या या मुलाला लिहिता-वाचता येत नव्हते. अक्षर उशिरा भेटलेल्या या राजाने पुढे १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली ते साऱ्या संस्थानात लागू केले. त्यानंतर एक अडचण लक्षात आली. मूल चार इयत्ता शिकते, शेतावर जाते आणि घरात छापील कागदच नसल्याने काही वर्षांत शिकलेले विसरते. शाळेवर केलेला खर्च असा पाण्यात जायचा नसेल तर शाळेच्या पाठोपाठ पुस्तक गावात पोचले पाहिजे, हा विचार बडोद्याच्या ग्रंथालय चळवळीच्या मुळाशी होता.

अमेरिकेच्या प्रवासात महाराजांनी तेथील सार्वजनिक ग्रंथालये पाहिली होती. १९१० साली त्यांनी न्यू हेवन येथील ग्रंथपाल विल्यम अ‍ॅलन्सन बॉर्डन यांना बडोद्यास बोलावले. बॉर्डन सुमारे तीन वर्षे राहिले. राजवाड्यातील महाराजांच्या खाजगी संग्रहातली सुमारे २०,००० पुस्तके लोकांसाठी खुली झाली आणि त्यांतून मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले. बॉर्डन यांनी पुस्तकांच्या वर्गीकरणाची पद्धत घालून दिली. पण त्यांचे त्याहून महत्त्वाचे काम म्हणजे १९११ साली सुरू केलेला ग्रंथपालांचा प्रशिक्षणवर्ग. भारतात अशा शिक्षणाचा आरंभ येथूनच मानला जातो. ग्रंथपाल म्हणजे नुसता राखणदार नव्हे, त्यालाही शिकून तयार व्हावे लागते, ही गोष्ट त्या वर्गाने मान्य करवली.

बॉर्डन परत गेल्यावर जनार्दन सखाराम कुडाळकर आणि पुढे न्यूटन मोहन दत्त यांनी हे काम वाढवले. १९१२ साली निघालेल्या ‘लायब्ररी मिसलेनी’ या नियतकालिकात इंग्रजी व गुजरातीबरोबर मराठी विभागही होता. ग्रंथालयशास्त्रावर मराठीत लिहिण्याचा एक आरंभीचा प्रयत्न असा गुजरातच्या भूमीवर झाला, हे विशेष.

खेड्यापाड्यांत ही चळवळ रुजवणारे मोतीभाई अमीन हे मूळचे शिक्षक. पेटलादच्या शाळेत असतानाच त्यांनी गावोगावी ‘मित्रमंडळ’ वाचनालये काढण्याचा ध्यास घेतला होता. संस्थानाच्या ग्रंथालय खात्याने त्यांनाच ग्रामीण भागाच्या कामावर घेतले. मदतीची पद्धत साधी होती. गावाने वर्गणी जमवली की तेवढीच रक्कम संस्थान देई आणि तेवढीच प्रांत पंचायत. गावच्या वाचनालयासाठी या मदतीची मर्यादा वर्षाला शंभर रुपये होती. गावाचा स्वतःचा पैसा त्यात असल्यामुळे ‘हे वाचनालय आपले’ ही भावना तयार होई. जिथे वाचनालय नव्हते तिथे लाकडी पेट्यांतून फिरती ग्रंथालये जात.

या गावच्या वाचनालयात बसायचे कोणी? अनेक गावांत ते काम शाळेच्या मास्तरांकडेच आले. दिवसा पाटी-पुस्तक शिकवायचे आणि शाळा सुटली की कपाट उघडायचे. शाळेतले ग्रंथालय आणि गावाचे ग्रंथालय यांत तेव्हा भिंत नव्हती. या मास्तरांपैकी बहुतेकांची नावे इतिहासात नाहीत, पण चळवळ चालली ती त्यांच्यामुळे. मुलांसाठी बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयात स्वतंत्र बालविभाग आणि खेळघर होते. मुलांच्या हाती द्यायला देशी भाषांत पुस्तकेच कमी, म्हणून महाराजांनी दोन लाख रुपयांचा निधी बाजूला काढला आणि त्यातून ‘श्री सयाजी साहित्यमाला’ व ‘श्री सयाजी बालज्ञानमाला’ निघाल्या. सयाजीराव आणि मोतीभाई दोघेही १९३९ साली निवर्तले.

दक्षिणेत हेच सूत्र डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी शास्त्राच्या पायावर उभे केले. तेही मूळचे गणिताचे शिक्षक. १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. पुस्तके वापरासाठी असतात, हा त्यांतला पहिला. कपाटाला कुलूप लावून ‘मुले पुस्तके फाडतात’ म्हणणाऱ्या प्रत्येक शाळेला हा नियम ऐकवावा असा आहे. त्यांचा जन्मदिवस, १२ ऑगस्ट, आपल्याकडे ग्रंथपाल दिन म्हणून पाळतात.

१९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने तर स्पष्ट शिफारस केली की माध्यमिक शाळेत प्रशिक्षित ग्रंथपाल असावा आणि त्याचा दर्जा ज्येष्ठ शिक्षकाच्या बरोबरीचा असावा. सत्तर वर्षे उलटली. २०१८ पासून ‘समग्र शिक्षा’ योजनेत सरकारी शाळांना ग्रंथालयासाठी वर्षाला ५,००० ते २०,००० रुपये अनुदानाची तरतूद झाली, ही चांगलीच गोष्ट. पण पुस्तके येतात आणि ती हाती देणारा माणूस नसतो, असे चित्र अनेक शाळांत दिसते. महाराष्ट्रात तर ‘अर्धवेळ ग्रंथपाल’ हा शब्दच रूढ होऊन बसला. बडोद्याने शंभर वर्षांपूर्वी आधी माणूस तयार केला, हा धडा आपण विसरलो.

वाचकहो, सरकारने काय करावे हे सरकार ठरवील. आपल्यापुरते काही करता येईल. आपली मुले ज्या शाळेत जातात तिथे ग्रंथपाल आहे का, आठवड्यातून ग्रंथालयाचा तास होतो का, हे पालकसभेत विचारता येईल. मराठी पुस्तकांचा एक कप्पा भेट देता येईल, मात्र देताना रद्दी देऊ नये आणि कोणती पुस्तके हवीत हे ग्रंथपालांनाच विचारावे. आणि पुढच्या वर्षी मंडळाच्या सत्काराच्या यादीत गुणवंत विद्यार्थ्यांच्या शेजारी शाळेच्या एखाद्या ग्रंथपाल सरांना किंवा बाईंना शाल-श्रीफळ द्यावे. त्या गुणवंतांतल्या कित्येकांना पहिले अवांतर पुस्तक त्यांनीच दिलेले असेल.