सजगता आणि स्वीकारावर आधारित मानसोपचार : ऑनलाइन काय वाचावे, काय ऐकावे

'माइंडफुलनेस' हा शब्द आता कंपन्यांच्या शिबिरांपासून इन्स्टाग्रामच्या रीलपर्यंत सगळीकडे आहे. त्यात उपचार कोणता आणि विक्री कोणती हे ओळखणे अवघड झाले आहे. वसतिगृहांतले विद्यार्थी आणि वस्तीपातळीवरचे कार्यकर्ते आम्हाला याबद्दल वारंवार विचारतात. म्हणून जे फुकट आहे आणि ज्यावर भरवसा ठेवता येतो, ते इथे एकत्र देत आहोत.

आधी थोडी ओळख. पाली 'सति' या शब्दासाठी 'माइंडफुलनेस' हा इंग्रजी शब्द टी. डब्ल्यू. ऱ्हिस डेव्हिड्स यांनी १८८१ मध्ये वापरला. रुग्णालयात तो आणला जॉन कबात-झिन यांनी. १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी जुनाट दुखण्याच्या रुग्णांसाठी कार्यक्रम सुरू केला. तोच 'एमबीएसआर'. धम्माची चौकट त्यांनी जाणीवपूर्वक बाजूला ठेवली होती. पुढे सेगल, विल्यम्स आणि टीझडेल यांनी पुन्हा पुन्हा येणाऱ्या नैराश्यासाठी 'एमबीसीटी' तयार केली. नैराश्याचे तीन किंवा अधिक झटके आलेल्यांसाठी ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २००४ मध्ये तिची शिफारस केली.

तिसरी पद्धत 'अ‍ॅक्सेप्टन्स अँड कमिटमेंट थेरपी', म्हणजे 'अ‍ॅक्ट'. अमेरिकेतील नेवाडा विद्यापीठाचे स्टीव्हन हेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्यावरचे मुख्य पुस्तक १९९९ मध्ये काढले. काही ठिकाणी तिला 'बौद्ध थेरपी' म्हटलेले दिसते, ते बरोबर नाही. तिचे मूळ वर्तनवादी मानसशास्त्रात आहे. धम्माशी साम्य आहे, वंशावळ नाही.

आपल्या मुलामुलींची खरी अडचण पहिल्याच शब्दाशी येते : स्वीकार. ज्यांच्या आजोबांनी गावकी नाकारली, त्यांना 'स्वीकारा' म्हणायचे? ही शंका आम्हाला रास्त वाटते. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'च्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी चार आर्यसत्यांच्या रूढ मांडणीवरच प्रश्न उभा केला. सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारणही त्यांनी म्हातारा, रोगी आणि प्रेत यांत न शोधता रोहिणीच्या पाण्यावरून झालेल्या शाक्य-कोलियांच्या तंट्यात दाखवले. दुःखाला सामाजिक कारण असते, हे आपण तिथूनच शिकलो. तेव्हा जातीच्या छळाला 'मनाचा ताण' म्हणून श्वास मोजायला बसवणारा समुपदेशक भेटला, तर त्याला तसे तोंडावर सांगावे.

पण 'अ‍ॅक्ट'मधला स्वीकार परिस्थितीचा नाही, मनात उठणाऱ्या भावनेचा आहे. वर्गात आडनावावरून टोमणा बसला की छातीत जे दाटते, ते दाबण्यात दिवसचे दिवस जातात. अभ्यास सुटतो, बैठका सुटतात, माणूस खोलीबाहेर पडत नाही. ही पद्धत सांगते की त्या भावनेला जागा द्या, तिच्याशी झुंजण्यात ताकद घालवू नका आणि ती असतानाच आपल्या मूल्यांनुसार पाऊल टाका. ते पाऊल तक्रार अर्जाचेही असू शकते. नावातला 'कमिटमेंट' हा अर्धा भाग यासाठीच आहे, आणि नेमका तोच भाग अनेक अ‍ॅप गाळतात.

सुरुवात कुठून करावी असे विचाराल तर आमचे उत्तर एकच : जागतिक आरोग्य संघटनेची 'डुइंग व्हॉट मॅटर्स इन टाइम्स ऑफ स्ट्रेस' ही २०२० ची सचित्र पुस्तिका. संघटनेच्या संकेतस्थळावर ती ऑडिओसह मोफत मिळते. भानावर येणे, विचारांच्या गळातून सुटणे, मूल्यांनुसार वागणे, मायेने वागणे आणि जागा करून देणे अशी पाच कौशल्ये तीत चित्रांतून शिकवली आहेत. गळाची प्रतिमा मासा पकडणाऱ्याला वेगळी समजवावी लागत नाही. त्रासदायक विचाराने आपल्याला ओढले हे ओळखायचे, त्याला नाव द्यायचे आणि हातातल्या कामाकडे लक्ष परत आणायचे, एवढेच. यामागचा 'सेल्फ-हेल्प प्लस' हा गटकार्यक्रम युगांडातील छावण्यांत दक्षिण सुदानच्या निर्वासित स्त्रियांबरोबर तपासला गेला. ध्वनिमुद्रित सत्रे, पाच आठवडे, आणि गट चालवणारे लोक तज्ज्ञ नव्हेत. तरीही तीन महिन्यांनंतर मानसिक त्रास कमी असल्याचे दिसले. बुद्धविहारात रविवारी जमणाऱ्या युवक मंडळाला यापेक्षा सोयीचे काही आमच्या पाहण्यात नाही. व्यापारी हेतू नसेल तर परवान्याच्या अटी पाळून पुस्तिकेचे भाषांतरही करता येते.

पुढे शिकायचे असेल तर 'असोसिएशन फॉर कॉन्टेक्श्च्युअल बिहेवियरल सायन्स'चे संकेतस्थळ पाहावे. सगळे सदस्यांसाठी नाही, बरेच खुले आहे. ऑस्ट्रेलियातील डॉक्टर रस हॅरिस यांची मोफत तक्तापत्रके सोप्या इंग्रजीत आहेत. आठ आठवड्यांचा पूर्ण 'एमबीएसआर' अभ्यासक्रम 'पलूस माइंडफुलनेस' विनामूल्य देते. ऑक्सफर्ड माइंडफुलनेस फाउंडेशनची काही ऑनलाइन सत्रेही मोफत असतात.

मराठीत मात्र हात आखडता आहे. ठाण्याच्या आयपीएच संस्थेचा 'आवाहन' हा यूट्यूब चॅनेल मानसिक आरोग्यावर चांगले मराठी बोलतो, पण त्याचा भर विवेकनिष्ठ विचारपद्धतीवर आहे. ती वेगळी शाखा आहे, हे लक्षात ठेवून ऐकावे.

मूळ धम्मग्रंथ वाचायचे तर 'सुत्तसेंट्रल'वर मज्झिम निकायातील दहावे, सतिपट्ठान सुत्त आहे. संयुत्त निकायातील सल्ल सुत्त (३६.६) तर प्रत्येकाने वाचावे. पहिला बाण शरीराच्या वेदनेचा, दुसरा त्या वेदनेवरच्या तडफडीचा. स्वीकाराची कल्पना तिथे दोन पानांत समजते. देवनागरी पाली तिपिटक इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने ऑनलाइन ठेवले आहे. गोयंका गुरुजींच्या परंपरेतले दहा दिवसांचे शिबिर ऑनलाइन होत नाही, आणि गंभीर मानसिक आजार असलेल्यांनी त्यात बसू नये असे त्यांच्याच नियमावलीत म्हटले आहे. ते गांभीर्याने घ्या. मारहाण, अत्याचार किंवा जवळच्याचा मृत्यू ताजा असेल तर डोळे मिटून बसल्यावर आठवणी उसळू शकतात. अशा वेळी डोळे उघडे ठेवा, पाय जमिनीला टेकवा, वेळ कमी ठेवा किंवा थांबा. थांबण्यात कमीपणा नाही. चालू असलेली औषधे व्हिडिओ पाहून बंद करू नका.

उपचार घ्यायचा असेल तर चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेच्या संकेतस्थळावर तपासता येते. 'सर्टिफाइड माइंडफुलनेस कोच' ही पदवी कायद्याने कोणाला बांधील नाही. पहिल्याच भेटीत विचारा : जातीय भेदभावाबद्दल बोललो तर तुम्ही ते ऐकाल का? उत्तर देताना समोरची व्यक्ती गडबडली तर दुसरी शोधायला हरकत नाही.

जीव द्यावासा वाटत असेल किंवा मित्र तसे बोलत असेल, तर यातले काहीही वाचत बसू नका. त्याला एकटे सोडू नका आणि १४४१६ वर फोन लावा. ही 'टेली-मानस' सेवा केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केली. ती चोवीस तास चालते, मोफत आहे आणि मराठीत बोलता येते.