खेड्यासाठी डॉक्टर कसा घडावा?

दरवर्षी बारावीचा निकाल लागला म्हणजे गावाकडचा एखादा पालक मुलाला घेऊन माझ्याकडे येतोच. मी इतिहासाचा मास्तर, मला वैद्यकीतले काय कळणार? पण कॉलेजातल्या मास्तराला सगळे येते अशी आपल्या लोकांची समजूत. गेल्या साली एका शेतकऱ्याने विचारले, "सर, पोरगा सरकारी डॉक्टर झाला तर आपल्या गावाकडं यील का हो?" मला उत्तर देता आले नाही. पण श्रोतेहो, हा प्रश्न जुना आहे, आणि त्याच्या उत्तराचा एक प्रयत्न आपल्याच अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात झाला. त्याची हकीकत आज सांगावी म्हणतो.

इंग्रजी अमदानीत डॉक्टरांच्या दोन पायऱ्या होत्या. वरची विद्यापीठाच्या पदवीधरांची. खालची एल. सी. पी. एस., एल. एम. पी. अशी अक्षरे नावापुढे लावणाऱ्यांची. यांचा अभ्यासक्रम आखूड, खर्चही बेताचा. पुण्यात १८७८ साली निघालेले बी. जे. मेडिकल स्कूल हे असे आखूड शिक्षण देणारे.

१९४३ साली सरकारने सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. हे भोर मूळचे नाशिकचे. समितीचा अहवाल १९४६ साली आला. साऱ्या हिंदुस्थानात नोंदलेले डॉक्टर ४७,५२४, आणि त्यांतले २९,८७० खालच्या पायरीचे! सरासरी सहा हजार तीनशे माणसांमागे एक डॉक्टर, तोही बहुधा शहरात. समिती म्हणाली, आखूड शिक्षण बंद करा. डॉक्टर एकाच दर्जाचा, पदवीधर असावा. आणि रोग होऊच नये म्हणून झटणारा, समाजाचा वैद्य म्हणून त्याला तयार करा. सहा सभासदांना हे पटले नाही. डॉक्टरांचा एवढा तुटवडा असताना आखूड शिक्षण बंद करू नये, असे त्यांचे म्हणणे पडले. सरकारने बहुमताची वाट धरली, आणि पुण्याच्या स्कूलचे १९४६ सालीच कॉलेज झाले.

मला विचाराल तर दोन्ही बाजूंचे खरे होते. खेडुताने दुय्यम डॉक्टर का पत्करावा? पण पहिल्या दर्जाचा डॉक्टर गावात आलाच नाही, तर त्याच्या दर्जाचे करायचे काय? १९५२ सालापासून प्राथमिक आरोग्य केंद्रे उघडू लागली. केंद्राला इमारत मिळाली, पाटी मिळाली. डॉक्टर मात्र मोठ्या शहरातल्या मोठ्या इस्पितळात शिकलेला. तिथे रोगी खाटेवर असतो. त्याची विहीर, त्याचे शेत, त्याच्या घरातली रिकामी कणगी शिकणाऱ्याला दिसतच नाही.

आता नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याला चला. साठीच्या दशकात तिथल्या मिशनच्या दवाखान्यात डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे पतीपत्नी काम करीत होते. रजनीकांत याच जिल्ह्यातले, शिक्षकाच्या घरातले. दोघेही वेलूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले. दवाखान्यात गर्दी उसळे, रोगी बरे होऊन जात, आणि त्याच घरची मुले पुन्हा त्याच हगवणीने परत येत. मग दोघे अमेरिकेला गेले, सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन आले, आणि १९७० साली त्यांनी जामखेड निवडले. जिल्ह्याचे हे दक्षिणेकडचे टोक, पाऊस तोकडा, रस्ते कच्चे. जनावरांच्या दवाखान्याच्या एका जुन्या इमारतीत काम सुरू झाले.

खरी गंमत पुढेच आहे. आधी त्यांनी गावोगावी नर्स नेमून पाहिल्या. बाहेरची तरुण नर्स एकटी गावात राहायला बिचके, आणि गावही तिचे ऐकेना. तेव्हा गावाने आपल्यातलीच बाई निवडावी असे ठरले. आलेल्या पुष्कळशा बायका निरक्षर होत्या, दलित समाजातल्याही होत्या. दर आठवड्याला त्या जामखेडला शिकायला येत. एकत्र जेवणे, एकत्र निजणे; जातीचे धडे तिथेच विसरायला लागत. बाळंतपण, हगवणीवर मीठ-साखरेचे पाणी, मुलांचे वजन, लसी हे सारे त्या शिकल्या. आणि कोणत्या घरात चूल पेटत नाही, कोणती सासू सुनेला दवाखान्यात जाऊ देत नाही, हे डॉक्टर त्यांच्याकडून शिकले. १९७२च्या दुष्काळात आधी पाणी आणि अन्न, मग औषध, हा क्रम गावानेच डॉक्टरांना दाखवला. प्रकल्पाच्या नोंदींप्रमाणे १९७१ साली जन्मलेल्या हजार मुलांत १७६ वर्षाच्या आत दगावत. १९७६ साली ५२.

१९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढे देशोदेशीचे डॉक्टर जामखेडला शिकायला येऊ लागले. गावाने निवडलेल्या बाईकडून, बरे का! २००५ सालच्या सरकारी अभियानातली 'आशा' ही त्याच कुळातली.

डॉक्टरांच्या शिक्षणातही थोडे बदलले. १९८४ साली लोणीला ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय निघाले. पदवीच्या शेवटी शिकाऊ डॉक्टराला काही काळ खेड्यात काढावा लागतो. सरकारी कॉलेजातून निघालेल्याला वर्षभराच्या सेवेचे बंधनही आहे. पण बंधनाने देह येतो, मन येतेच असे नाही.

माझा एक जुना विद्यार्थी असेच वर्ष एका आरोग्य केंद्रात काढून भेटायला आला होता. म्हणाला, "सर, पहिला महिना मी नुसत्या गोळ्या वाटल्या. मग तिथल्या आशाताई एक दिवस म्हणाल्या, डॉक्टर, चला जरा वस्तीवर. चपला मात्र जुन्या घाला."